कोळंबी, करंदी, जवळा : एका सूचीचे वाचन

पनवेलच्या मासळी बाजारात कोळीण तीन निराळे वाटे मांडते : कोळंबी, करंदी आणि जवळा. वर्गात मात्र हे तिन्ही 'कवचधारी' या एकाच शब्दात संपतात. बाजार आणि फळा यांच्यातील वाट दाखवणारे पुस्तक शोधताना आम्ही एल. बी. होल्थुइस या डच प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या जगभरच्या कोळंब्यांच्या सूचीकडे वळलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ती १९८० साली प्रसिद्ध केली.

ग्रंथ जाडजूड आहे, आणि प्रामाणिकही. 'श्रिम्प' व 'प्रॉन' या इंग्रजी शब्दांना काटेकोर शास्त्रीय अर्थ नाही, हे लेखक प्रस्तावनेतच सांगतो. आमच्या मते कोळिणीची भाषा येथे इंग्रजीच्या पुढे आहे. कोळंबी म्हणजे पिनिड कुळ, करंदी म्हणजे नेमॅटोपॅलिमॉन टेन्युइपिस, जवळा म्हणजे अ‍ॅसेटिस इंडिकस; तीन नावे, तीन निराळी कुळे. (बारीक कोळंबीही कधी करंदी म्हणून खपते, ती गोष्ट वेगळी!) सूचीने जवळ्याचे इंग्रजी नावच 'जवला पेस्ट श्रिम्प' असे ठरवले, आणि मेटापिनियस अफिनिसला 'जिंगा श्रिम्प' म्हटले. करंदीला मात्र 'स्पायडर प्रॉन' हे परके नाव मिळाले. तिचे शेवटच्या तीन जोड्यांचे पाय दोऱ्यासारखे लांब असतात, म्हणून ते शोभते. पण करंदी हे नाव घेतले असते तर बिघडले नसते.

आमची खरी तक्रार दुसरी आहे. नोंदींत नावे, आढळ, खोली, लांबी, मासेमारीतले महत्त्व यांना भरपूर जागा आहे. हातातला प्राणी ओळखायच्या खुणांना फारच थोडी. त्या शिक्षकाने स्वतः जोडून घ्याव्या लागतात. आम्ही वर्गात हे केले. कोळंबी आडवी ठेवून पोटाच्या खंडांच्या बाजूच्या पाळ्या पाहा. त्या कौलांसारख्या ओळीने पुढची मागचीवर अशा बसल्या असतील तर ती कोळंबी. दुसरी पाळी पहिली आणि तिसरी दोन्हींवर चढली असेल तर करंदी. करंदीची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते, कोळंबीची मादी ती पाण्यात सोडून मोकळी होते. जवळ्याला चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्याच नसतात. त्यासाठी भिंग हवे आणि धीरही. मग कोळंबीच्या डोक्यावरच्या करवतीकडे यावे. दाते वर-खाली दोन्हीकडे असतील तर पिनियस, फक्त वर असतील तर बहुधा मेटापिनियस किंवा पॅरापिनियॉप्सिस. मोडक्या करवतीची कोळंबी आधीच बाजूला काढावी, नाहीतर अर्धा तास वादात जातो.

सूचीतली नावे जुनी झाली, हा आक्षेप आम्हाला तितकासा पटत नाही. १९९७ साली पिनियस वंश फोडून व्हॅनामेईला लिटोपिनियसमध्ये घातले गेले. पुढे अनेक अभ्यासकांनी ते परत पिनियसमध्ये आणले, आणि होल्थुइसचे जुनेच नाव पुन्हा ताजे झाले. जुना झाला आहे तो आढळ. पिनियस व्हॅनामेई ही मूळ मेक्सिको ते पेरू या किनाऱ्याची, आणि सूचीत तेवढेच आहे. भारतात तिच्या व्यापारी संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली. आता शेततळ्यातली व्हॅनामेई आपल्या बाजारात सर्रास असते. विद्यार्थी तिचे दाते बरोबर मोजतो, पिनियसपर्यंत नीट पोचतो, मग पुस्तकातला आढळ पाहून तिचे नाव खोडतो आणि एखाद्या देशी जातीचे लिहितो.