रडगाणं कुणाला म्हणायचं?

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आमच्या वस्तीतल्या आक्कांच्या हातातला माईक काढून घेतला. आक्का १९७२ च्या दुष्काळात खडी फोडल्याचं गाणं म्हणत होत्या. निवेदक पोरगा आपलाच, शिकलेला, नोकरीवाला. म्हणाला, "आक्का, आज जयंती हाय. रडगाणं नको, जोशाचं काहीतरी होऊ द्या." आक्का खाली उतरल्या, डीजे सुरू झाला. मी पुढच्या रांगेत होतो आणि गप्प बसलो, हेही इथं लिहून ठेवतो.

त्या पोराचं म्हणणं मी नंतर ऐकून घेतलं. किती दिवस आपलं दारिद्र्य माईकवरून सांगायचं? गाण्यानं ऐकणाऱ्याची मान वर झाली पाहिजे. ह्यात खोटं काही नाही. कारण उलट्या बाजूला पांढरपेशी समीक्षक मंडळी बसलीच आहेत. त्यांना आपल्या गाण्यात नुसती भूक पाहिजे असते. आपला शाहीर रडला की तो अस्सल, आणि वाटा मागायला लागला की प्रचारकी! टाटा-बिर्लांच्या धनात आमचा वाटा कुठं, असं वामनदादा कर्डकांनी गाण्यातूनच विचारलं. त्या गाण्याला काय म्हणणार, जोशाचं की रडगाणं?

ही फाळणी आपल्या गाण्यात कधी नव्हतीच. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणं, सोंगाड्या तमाशातलाच. पण गणातला गणपती गेला आणि गवळणीतला चावटपणाही गेला. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, पाणवठ्यावर आपलाही हक्क आहे, असले विषय आले. त्यात हाल होते, हाल कुणामुळं तेही होतं, आणि सोंगाड्याच्या तोंडून हसूही होतं. माणूस घरी जाऊन उद्या सकाळी काय करणार, ह्याची त्या गाण्याला काळजी होती. आजच्या पुष्कळशा भीमगीतांत ती दिसत नाही. सोन्याचा मुलामा, कोट, गाडी, आवाज. ऐकणारा नाचतो आणि पहाटे कंत्राटदाराच्या झाडूवर हजर होतो. त्या झाडूवर गाणं कुठाय?

आणि बाया? माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब दळणारणीचा भाऊ होऊन येतात. अभिमान भरपूर आहे, पण हात खुंट्यावरच असतो.

काहीजण मला विलास घोगरेंचं नाव सांगतात. दुःख गाणारा शाहीर शेवटी दुःखातच गेला, म्हणतात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली, आणि काही दिवसांत घोगरेंनी गळफास घेतला. ह्याचं खापर गाण्यावर फोडायचं? मग गोळी कुणी झाडली, हे विचारायचंच राहून जातं.

त्या पोराशी माझं भांडण एवढंच आहे, की त्यानं गाणं पुरतं ऐकलं नाही. मीही त्या दिवशी ऐकलं नाही. चार दिवसांनी आक्कांच्या घरी गेलो. "आता कशाला रं?" म्हणाल्या, पण चहा ठेवून गायला लागल्या. पहिल्या कडव्यात ऊन, दुसऱ्यात झाडाखाली निजवलेलं पोर, तिसऱ्यात वाटीभर सुकडी आणि माप मारणारा मुकादम. माईक गेला तो इथं. चौथ्या कडव्यात पगाराचा दिवस आहे. मुकादम शाईचं पॅड पुढं करतो, अंगठा मागतो. चौथीतल्या भावानं रात्री कंदिलापाशी गिरवून घेतलेलं असतं. बाई पेन मागून घेते, मस्टरवर सही करते, आणि सही करताना वर लिहिलेला आकडा वाचते.

पुढच्या एप्रिलला आक्कांचं गाणं पहिलं घ्या, असं मी मंडळाला लिहून दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.