मृगाचा पाठलाग आणि टिळकांचे गणित

लोकमान्य टिळकांच्या ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथाविषयी आपल्याकडे आदराने बोलले जाते; आकाश समोर ठेवून तो तपासणारे मात्र थोडे. त्यातल्या विवेचनाचा मोठा आधार आहे ऐतरेय ब्राह्मणातली एक कथा. प्रजापती मृग होऊन स्वतःच्या मुलीमागे लागतो. तिने तांबड्या हरिणीचे रूप घेतलेले असते. देव आपापली उग्र रूपे एकवटून एक पुरुष निर्माण करतात आणि तो मृगाला विंधतो. मग मृग आकाशात जातो, मारणारा मृगव्याध होतो, मुलगी रोहिणी, आणि तीन कांडांचा बाणही तिथेच राहतो.

टिळक या कथेत काळ पाहतात. प्रजापती म्हणजे वर्ष, आणि वसंतसंपात मृगातून रोहिणीकडे सरकला तोच हा पाठलाग. संपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. त्या हिशेबाने तो मृगात होता इ.स.पू. ४००० च्या आसपास. या गणिताशी माझे भांडण नाही.

पण दिवाळीतल्या एखाद्या निरभ्र रात्री, बाराच्या सुमारास, पूर्वेकडे पाहा. मृगाच्या पोटातले तीन तारे एका ओळीत दिसतील. ती ओळ खाली वाढवली की व्याध सापडतो, वर वाढवली की जवळच तांबूस रोहिणी. आधी रोहिणी उगवते, मागून मृग, त्याच्यामागून व्याध. हा पाठलाग रोजचा आहे. तो सुचायला हजार वर्षांच्या नोंदी कशाला हव्यात? रात्री जागणाऱ्या गुराख्यालाही तो दिसला असेल. शिवाय या ताऱ्यांची आपसातली मांडणी पाच-सहा हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. त्यामुळे ही कथा इ.स.पू. ४००० ला जशी बसते तशी १००० लाही बसते.

मार्गशीर्षाच्या ‘आग्रहायण’ या जुन्या नावावरचा त्यांचा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. त्या नावात वर्षारंभ आहे खरा. ते वर्ष वसंतात सुरू होई की शरदात, हे मात्र नाव सांगत नाही.

याउलट शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे पाहा. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात त्यांनी शतपथ ब्राह्मणातले विधान घेतले, की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. हे कोणत्या काळी खरे होते ते मोजता येते, दीक्षितांनी इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काळ काढला. त्यावरही वाद झाले, पण वाद घालायला एक दिशा आणि एक तारकापुंज तरी हाती होता. आज संगणकावर जुने आकाश फिरवून महाभारताच्या नवनव्या तारखा काढणाऱ्यांनी दीक्षितांची ती पाने पुन्हा वाचावीत. दुर्दैवाने त्यांच्या हाती असते ते बहुधा ‘ओरायन’च.

आणि कथेचा माग फलज्योतिषाच्या यादीतही आहे. पत्रिकेत मृगशीर्षाची देवता सोम. त्याच्या अलीकडे रोहिणी, तिची देवता प्रजापती. पलीकडे आर्द्रा, तिची देवता रुद्र. म्हणजे शिकार आणि शिकारी मृगाच्या दोन्ही अंगांना अजून उभे आहेत.