एका गळ्यातले रामायण

नांदेड-लातूरकडच्या माझ्या वयाच्या माणसाला ‘गीतरामायण’ म्हटले की सुधीर फडके यांचाच आवाज आठवतो. राम, भरत, कौसल्या, सीता सारे त्या एकाच गळ्यातून बोलतात. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा तसे नव्हते. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. ती गाणाऱ्यांत फडक्यांबरोबर माणिक वर्मा, ललिता फडके, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे अनेक होते. त्या वेळी नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आमच्या पिढीकडे गीतरामायण आले ते पुढे फडक्यांनी एकट्याने गायिलेल्या ध्वनिमुद्रिकांतून.

हा फरक मला केवळ गायक बदलण्याचा वाटत नाही. पहिले ध्वनिमुद्रण नाट्य होते, दुसरे कीर्तन झाले.

नाट्याचे मूळ या जोडीच्या आधीच्या कामात आहे. ग. दि. माडगूळकर आणि फडके ‘वंदे मातरम्’ (१९४८), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) अशा चित्रपटांतून एकत्र घडत आले होते. चित्रपटात गीत कवीचे नसते; ते त्या प्रसंगातल्या पात्राचे असते. कोण बोलतो आहे, कोणाशी, कोणत्या क्षणी, हे ठरल्यावरच शब्द आणि चाल जुळते. गीतरामायणातली बहुतेक गीते अशीच कुणीतरी कुणाला तरी उद्देशून म्हटलेली आहेत. लेनन-मॅकार्टनी यांनी गाण्यांवर जोडनाव लावले. आपण शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची अशी वाटणी करतो. इथे ती वाटणी मला अपुरी वाटते.

कीर्तनाचे बीजही रचनेतच होते. कुश-लव रामापुढे रामचरित्र गातात, ही मूळ चौकट. आरंभ भूपात, अखेर भैरवीत, म्हणजे बैठकीचाच क्रम. एकटा कीर्तनकार सगळी सोंगे आवाजाने उभी करतो, हे मराठवाड्यातल्या श्रोत्याला शिकवावे लागत नाही. म्हणून फडक्यांचे एकट्याचे गायन आम्हाला परके वाटले नाही.

पण या बदलात सीतेचा आवाज गेला. लक्ष्मण तिला वनात सोडतो, त्या प्रसंगाचे गीत फडके उत्कटतेने गातात. तरीही तिचे गाऱ्हाणे आपण पुरुषाच्या तोंडूनच ऐकतो. आमच्याकडच्या बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास स्वतःच्या आवाजात गायिला आहे. त्या ओव्यांत सीता ही पूजेची मूर्ती नसते, सासुरवास भोगणारी बाई असते. त्या ऐकून गीतरामायणाकडे वळलो की ही उणीव जाणवते. ती माडगूळकरांच्या शब्दांत नाही, फडक्यांच्या चालीतही नाही. ती आपण कोणते ध्वनिमुद्रण मूळ मानले, त्यात आहे.

फडक्यांच्या गायनाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण रामनवमीच्या मांडवात गीतरामायण सादर करणाऱ्यांनी सीतेची गीते बाईच्या गळ्याला द्यावीत, एवढे मला वाटते. तो काही नवा प्रयोग ठरणार नाही. १९५५ साली ते तसेच होते.