नऊशे प्रतींचा आवाज

ग्लॅम मेटल बँड मॉटली क्रूचा 'टू फास्ट फॉर लव्ह' हा अल्बम ऐकावा तर 1981चाच. लॉस एंजेलिसच्या या चौघांनी त्या नोव्हेंबरात तो स्वतःच्याच 'लेदर रेकॉर्ड्स'तर्फे काढला; पहिल्या खेपेला प्रती फक्त 900. पुढच्या वर्षी इलेक्ट्रा कंपनीने रॉय थॉमस बेकरकडून त्याचं नव्याने मिक्सिंग करून घेतलं. 'स्टिक टू युवर गन्स' वगळलं, शीर्षकगीताचा मूळचा आरंभही गेला. जगभर पोचला तो हा धुऊनपुसून काढलेला अवतार. मला प्रिय आहे तो आधीचा खडबडीतपणा.

ग्लॅम मेटल म्हटलं की फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, चामड्याचे तंग कपडे एवढंच लोकांना आठवतं. त्या थाटामागे पैसा नव्हता, हे इथे कानांना कळतं.

'लाइव्ह वायर' घ्या. मिक मार्सची गिटार पहिल्या क्षणापासून धावत सुटते आणि टॉमी लीचे ड्रम तिला मागून रेटतात. आमच्या धारूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात आराध्यांचा संबळ गाणाऱ्याला श्वास घेऊ देत नाही, तसं हे रेटणं. मध्येच काउबेल खणखणते आणि अंगावर काटा येतो. व्हिन्स नीलचा आवाज पातळ, टोकदार. वरच्या पट्टीत तो ताणला जातो. पण सुरेल, भरदार गळा असता तर या गाण्यातली घाई खोटी वाटली असती.

हे ऐकताना आपल्याकडचं एक नाव आठवतं. मुंबईच्या रॉक मशीन बँडने 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, तेव्हा आपल्याकडे इंग्रजी रॉक म्हणजे परक्यांची गाणी हुबेहूब वाजवणं असाच रिवाज होता. महेश तिनईकर, उदय बेनेगल आणि मंडळींनी स्वतःची गाणी पुढे केली. परवानगीची वाट न बघण्याची ही ऊर्मी मला दोन्ही बँडमध्ये एकच वाटते.

मॉटली क्रूच्या अल्बमचं शेवटचं गाणं 'ऑन विथ द शो'. इथे वेग उतरतो. फ्रँकी नावाचा तरुण गेल्याची बातमी येते. गाणं लिहिणाऱ्या, बँडमधल्याच निकी सिक्सचं जन्मनाव फ्रँक फेरॅना. ते त्याने कायद्यानेच टाकून दिलं होतं. बाविशीतला मुलगा स्वतःच्याच जुन्या नावाची मयत गाण्यात मांडतो आणि ती गायला दुसऱ्याच्या गळ्यात देतो. नीलचा तोच पातळ आवाज इथे पोरका वाटतो. इलेक्ट्राच्या सफाईलाही हे गाणं गुळगुळीत करता आलेलं नाही.