दामा, नामा आणि जनी : नावांच्या यमकाचा एक शोध

मराठी घरात मूल पहिल्यांदा जी गोष्ट ऐकते तिच्यात दोन पात्रे असतात आणि त्यांच्या नावांचे यमक जुळते : चिऊ आणि काऊ. एकीचे घर मेणाचे, दुसऱ्याचे शेणाचे. चिमणीने मेण कुठून आणले, हे विचारायचे लहानपणी कोणाला सुचत नाही. काड्या-कापसाचे घर करणारा पक्षी मेणाच्या घरात राहायला गेला याचे कारण एकच, कावळ्याच्या शेणाला जुळणारा शब्द मेण हा आहे. पुढे पाऊस येतो, शेण वाहून जाते, मेण टिकते, आणि दार उघडायला चिमणी किती वेळ लावते यावर सगळी गोष्ट उभी राहते. म्हणजे येथे आधी यमक आले, मग घर आणि मग कथानक.

नावांच्या यमकाकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. यमकाची चर्चा निघाली की मोरोपंतांची आर्या, पंडिती कवींचे दामयमक, झालेच तर केशवसुतांनंतर यमकाचे बंधन कसे सैल झाले, येथवर गाडी जाते. माणसाच्या नावाला माणसाचे नाव जुळते तेव्हा काय होते, हा प्रश्न बालगीतांचा किंवा विनोदाचा समजून सोडून दिला जातो. माझ्या मते तो इतका हलका नाही. नाव हा भाषेतला असा शब्द आहे की जो एकाच माणसाकडे बोट दाखवण्यासाठी असतो. त्याच्याशी दुसरे नाव जुळवले की ते बोट थोडे हलते.

पुराणांतली उदाहरणे आधी पाहू. सुंद-उपसुंद, शुंभ-निशुंभ, कुंभकर्णाचे मुलगे कुंभ-निकुंभ, कौरवांच्या बाजूने लढलेले अवंतीचे विंद-अनुविंद, वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय. यांत एक गोष्ट लगेच दिसते. दुसरे नाव स्वतंत्र नाहीच. पहिल्या नावामागे उप, नि, अनु, वि असा उपसर्ग लावला की दुसरा भाऊ तयार. संस्कृत श्लोकाला अंत्ययमकाची गरज नसते, तेव्हा ही जुळणी छंदाच्या सोयीसाठी झाली असेही म्हणता येत नाही. ही जोडी एकत्र येते आणि बहुधा एकत्रच जाते. सुंद-उपसुंद तर तिलोत्तमेपायी एकमेकांनाच मारतात. उलट ज्यांना स्वभाव आहे, ज्यांच्यात निवड करावी लागते, त्या राम-लक्ष्मण-भरतांची किंवा पाच पांडवांची नावे जुळत नाहीत. चंड-मुंडांची गत आणखी पुढची : देवीमाहात्म्यात त्यांची शिरे आणून देणाऱ्या कालीला चामुंडा हे नाव मिळते. दोघांची नावे मिळून त्यांना मारणारीचे एक नाव झाले.

काशीराजाच्या मुली अंबा, अंबिका, अंबालिका यांचे शेवट सारखे नाहीत, पण त्यांची नावे एकातून दुसरी वाढलेली आहेत. तिघींपैकी जिचे नाव प्रत्ययाशिवाय राहिले, तिनेच भीष्माला जाब विचारला. हा योगायोग असेल. मला तो विसरता येत नाही एवढेच.

सिनेमाने हीच युक्ती उचलली. तापी चाणक्य यांनी 1964 साली तेलुगूत ‘रामुडु भीमुडु’ केला आणि 1967 साली तोच हिंदीत ‘राम और श्याम’ म्हणून आणला. तेलुगूत दोन्ही नावांना ‘मुडु’ हा एकच शेवट मिळतो, म्हणून भित्र्या रामासमोर बलदंड भीम उभा करता आला. हिंदीत राम-भीम हे यमक लंगडे. भीमाचा श्याम झाला, आणि दांडगाईपेक्षा खोडकरपणा नावालाच चिकटून आला. 1972 च्या ‘सीता और गीता’मध्ये तर दुसऱ्या नावाचे प्रयोजन पहिल्याशी जुळणे याखेरीज शोधूनही सापडत नाही. पण येथे फार थांबण्यात अर्थ नाही. जुळ्यांच्या गोष्टीत नावे जुळणारच.

मराठीत या विषयाचा खरा ऐवज मला जनाबाईच्या एका अभंगात सापडतो. ज्यांच्या घरी ती दासी होती त्या नामदेवांच्या कुटुंबाची त्यात यादी आहे. भाविक वाचक हा अभंग चरित्राचे साधन म्हणून वाचतात आणि अभ्यासकही बहुतेक तसाच वाचतात : कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची सून. कविता म्हणून तो क्वचितच वाचला जातो, कारण त्यात नावांशिवाय फारसे काही नाही.

पण ती नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. सासू गोणाई, सून राजाई. बाप दामा, लेक नामा. चार मुलगे : नारा, विठा, गोंदा, महादा. चार सुना : लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. मग आऊबाई आणि लिंबाई, बहीण आणि लेक. सर्वांत शेवटी जनी. घरातले सगळे पुरुष ‘आ’वर संपतात आणि सगळ्या बायका ‘ई’वर. मराठीत लाडाने किंवा घरगुतीपणाने हाक मारताना नावाचे रूप असेच बदलते. नारायणाचा नारा, विठ्ठलाचा विठा, गोविंदाचा गोंदा, महादेवाचा महादा. दामाशेटी आणि नामदेव ही बाहेरच्या जगातली नावे. दामा-नामा ही ओट्यावरून, चुलीपासून मारलेली हाक. जनीने यादी केली ती हाकेच्या नावांची. घरात राबणाऱ्या बाईच्या कानावर दिवसभर जी नावे पडत होती, तीच तिने जशीच्या तशी ठेवली.

गोणाई-राजाई आणि दामा-नामा या दोन जुळण्या मात्र एका जातीच्या नाहीत. पहिलीत जुळणारा भाग ‘आई’ हा प्रत्यय आहे, तो कोणत्याही बाईच्या नावाला लागतो. दुसरीत ‘आमा’ एवढा नावाचा गाभाच जुळतो, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. बापाचा ‘द’ गेला आणि ‘न’ आला की मुलगा झाला. बाप-लेकांचे नाते इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी जोडी मला मराठीत आठवत नाही.

छंदाकडेही पाहिले पाहिजे. मोठ्या अभंगात साधारणपणे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी येते. या अभंगाच्या सुरुवातीला यमकाच्या त्या मोक्याच्या जागी कोणाचे नाव नाही, नात्याचा शब्द आहे : सुना. नावांची जुळणी चरणाच्या पोटात होते. छंदाने मागितलेले यमक नात्याने पुरवले आणि न मागितलेले नावांनी. म्हणून ही रचना जुळवलेली न वाटता घरातच जुळून आल्यासारखी वाटते. आणखी एक : यादी सासू-सुनांपासून सुरू होते, बाप-लेक त्यांच्या मागून येतात. सातशे वर्षांपूर्वीच्या कुटुंबाची शिरगणती एका दासीने केली आणि ती बायकांपासून केली.

आता खुद्द जनीचे नाव. ते कोणाशी जुळते? दामा-नामाशी नाही. लाडाई-गोडाईच्या ‘आई’शीही नाही, तिला कोणी जनाई म्हणून त्या ओळीत बसवले नाही, तिने स्वतःही नाही. शेवटच्या कडव्यात मात्र बहिणी, दासी आणि जनी हे तीन शब्द एकमेकांजवळ येतात आणि तिन्हींचा शेवट ‘ई’ आहे. त्यांतही बहिणी-जनी ही जुळणी दासी-जनीपेक्षा घट्ट आहे. अर्थाने ती स्वतःला दासी म्हणते, नादाने बहिणीच्या शेजारी जाऊन बसते. हे तिने ठरवून केले असा माझा दावा नाही. कान जिकडे ओढतो तिकडे कवी जातो, आणि गंगाखेडहून पंढरपुरात येऊन दामाशेटींच्या घरी वाढलेल्या मुलीचा कान कुठे ओढ घेईल हे समजण्यासारखे आहे. शिवाय ‘जनी’ म्हणजे लोकांत, असाही अर्थ जुन्या मराठीत होतो. तो मनात ठेवून तिची नाममुद्रा पुन्हा वाचावी.

शेजारी आणखी दोन घरे ठेवली म्हणजे या घराचे वेगळेपण कळते. आळंदीच्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. तेथे नाद जुळत नाही, अर्थ जुळतो. निवृत्ती, ज्ञान, पायऱ्या, मुक्ती अशी चढती मांडणीच. शास्त्र जाणणाऱ्या घराने मुलांची नावे अर्थाने ओवली, शिंप्याच्या घराने कानाने. तिसरे घर चोखोबांचे. बाप चोखामेळा, मुलगा कर्ममेळा. येथे नावाचा अर्धा भाग तसाच मुलाकडे आला आहे. दामा-नामात एक अक्षर बदलले. येथे पुढचा भाग बदलला आणि शेवट तोच राहिला. कर्ममेळ्याचे अभंग वाचताना हे जाणवते. आपल्याला हीन जातीत का जन्माला घातलेस, असा देवाशी त्याचा उघड वाद आहे. बापाचा स्वर त्याच्याहून पुष्कळ सोसणारा आहे. नावाच्या शेवटाबरोबर वेशीबाहेरची जागाही वारशाने आली. आणि याच घरातली सोयराबाई आपल्या अभंगांत स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. तिचे नाव यमकात येत नाही, कारण मुद्रेतच ते नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही नावे खरी कशावरून? परंपरेने पाठांतराच्या सोयीसाठी ती गोड करून घेतली असतील. गाथेचे पाठ एकसारखे नाहीत. लिंबाई कुठे निंबाई होते, आऊबाई आणि तिच्यात बहीण कोणती आणि लेक कोणती याचीही अदलाबदल होते. सुनांच्या नावांत तर लाड, गोड आणि साखर एका ओळीत आली आहेत. चार वेगळ्या घरांतून आलेल्या चार मुलींची नावे इतकी एका चवीची कशी?

मला यात बनावटीचा पुरावा दिसत नाही, उलट दिसते. सुनेचे नाव सासरी बदलते. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव आपल्यापैकी अनेकांच्या आया-आज्यांनी घेतले. ते निवडताना पत्रिकेइतकाच कानाचाही विचार होत असे. आमच्या घरात माझ्या आजीच्या पिढीच्या चार जावा होत्या आणि चौघींची सासरची नावे ‘ता’वर संपत. पणजीने ती तशी ठेवली, कारण हाक मारायला बरी. आजीचे माहेरचे नाव मला कळले ते ती गेल्यावर, माहेरून आलेल्या पितळी डब्याच्या झाकणावर खोदलेले. ते घरातल्या कोणत्याही नावाशी जुळत नव्हते. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई ही ओळ मी त्यानंतर वेगळ्या तऱ्हेने वाचू लागलो. घराने आपल्या सुनांना एका नादात ओवले असेल, तर जनीने ते टिपून ठेवले, एवढेच. त्यातली येसाई चवीत बसत नाही, आणि बनवणाऱ्याने ती बसवली असती.

छापील उखाण्यांच्या पुस्तकांत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे नावाच्या जागी टिंबे आणि पुढे ‘राव’. यमक आजूबाजूचे शब्द जुळवतात, नाव कोणतेही चालते. नाव घेण्याचा एवढा सोहळा, आणि कवितेने नावाला हातही लावलेला नाही.

यादीतली नावे मोजली तर चौदा होतात आणि जनी पंधरावी. परंपरा सांगते, शके 1272 मध्ये, म्हणजे 1350 साली, पंढरपूरच्या महाद्वाराशी नामदेवांसह चौदा जणांनी देह ठेवला. त्या वेळी नामदेव ऐंशी वर्षांचे होते. त्यांचे आईवडील त्या दिवशी हयात असणे कठीण, तेव्हा ही संख्या या अभंगावरूनच आली असावी असे मला वाटते. पंधरातून एक वजा करायचे ते लाडाईचे. ती बाळंतपणासाठी दूर होती. तिच्या नावावर गाथेत एक अभंग आहे. त्यात ती तिथी-मास-शक नोंदवते आणि सर्वांना नेलेस, मला का ठेवलेस, असे विठ्ठलाला विचारते. नामदेवांच्या पायरीवर वारकरी आजही पाय देत नाहीत, वाकून हात लावतात आणि मग आत जातात. जनीच्या ओळीत चार सुनांमध्ये पहिले नाव जिचे, ती त्या पायरीखाली नाही.