ल्युट्झेनचं धुकं आणि पुठ्ठ्याचे बिल्ले

बेन हल यांच्या ‘गुस्ताव्ह अडॉल्फ द ग्रेट’ या युद्धखेळात तुम्ही ल्युट्झेनची लढाई लावायला बसलात, तर पहिला तासभर पुठ्ठ्याचे बिल्ले षटकोनी घरांत रचण्यातच जातो. कंटाळू नका. खरी मजा पुढे आहे: इथे सैन्य तुमचं ऐकेलच असं नाही. प्रत्येक बगलेला एक हुकूम असतो. चढाई, सज्जता, बचाव किंवा पुन्हा जुळवाजुळव. तो बदलायचा तर फासा टाका आणि प्रार्थना करा, कुठल्याही पंथाची. एकदा चढाईवर सोडलेलं घोडदळ सहजासहजी आवरत नाही.

१६ नोव्हेंबर १६३२ ला असंच झालं होतं. धुकं, त्यात धूर. स्वीडनचा राजा आपल्या लोकांपासून सुटला आणि मारला गेला. समोरून वॉलेनस्टाइनच्या मदतीला हाल्लेहून धावत आलेला पापेनहाइमही आल्या आल्या गोळी लागून पडला. युद्धपटांत इतका प्रामाणिक गोंधळ मला क्वचितच दिसलाय.

माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही टेबलाशी बसलो की ‘तुझे कॅथलिक, माझे प्रोटेस्टंट’ अशी वाटणी करून मोकळे होतो, आणि बिल्ल्याचा रंग शेवटपर्यंत तोच राहतो. पण वॉलेनस्टाइनची डावी बगल सांभाळणारा होल्क हा ल्युथरपंथी डेन होता. स्वीडनला वर्षाला ४ लाख थालर द्यायचं १६३१ मध्ये कबूल केलं ते फ्रान्सने, आणि तिथला मुख्य मंत्री होता कॅथलिक कार्डिनल रिशलिय! त्याच वर्षी ब्राइटेनफेल्डला पकडलेले कितीतरी शिपाई स्वीडिश फौजेत भरती झाले.

पेटर हागेनडॉर्फ या भाडोत्री शिपायाची रोजनिशी मिळाली तर जरूर वाचा. १६३१ मध्ये मॅग्डेबर्गवरच्या हल्ल्यात तो जखमी झाला, तेव्हा त्याच्यासाठी अंथरूण-पांघरूण आणायला त्याची बायको जळत्या शहरात शिरली. पुढे स्वीडिश लोकांनी त्याला पकडलं, मग तो त्यांच्याकडून लढला, आणि १६३४ मध्ये न्योर्डलिंगेननंतर जुन्या पलटणीत परत आला. रोजनिशीत भाकरी आहे, वाईन आहे, लूट आहे, एकामागून एक गेलेली मुलं आहेत. धर्माचा वाद जवळजवळ नाहीच. या माणसाचा बिल्ला कुठल्या रंगाचा छापणार?

पकडलेली तुकडी पुढच्या लढाईत जिंकणाऱ्याला मिळावी, असा घरगुती नियम मी सुचवला. समोरचा मित्र म्हणाला, ‘मग तोल जाईल ना खेळाचा.’ बरोबर आहे त्याचं. मॅग्डेबर्ग तर मी कुणाला टेबलावर मांडताना पाहिलेलंच नाही. तिथे सुमारे २०,००० माणसं मेली.

ल्युट्झेनच्या शेतात २०११ मध्ये ४७ शिपायांची एकत्र कबर सापडली. मातीसकट उचलून नेलेली. आमचे हरलेले बिल्ले डबीत जातात, तेव्हा हल्ली मला ती आठवते.

पुढच्या शनिवारी आल्टे फेस्टे लावायचंय. बोर्डवर फक्त हल्ला येतो. न्यूरेंबर्गजवळच्या त्या दोन छावण्यांत हल्ल्यापेक्षा जास्त माणसं रोगराईने आणि उपासमारीने गेली.