वाचकांची शिफारस आणि कादंबरीची समीक्षा

प्रस्तावना

कोणती कादंबरी वाचावी, या प्रश्नाला मराठीत दोन प्रकारची उत्तरे मिळतात. विद्यापीठीय समीक्षा विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चा (१९३९) किंवा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) निर्देश करते. वाचकांच्या परस्पर शिफारशींत मात्र वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९), रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) व शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) ही नावे वारंवार येतात. ही विभागणी काटेकोर नाही. 'कोसला'चीही शिफारस तरुण वाचक एकमेकांना करीत आले आहेत आणि ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकर (१९७४) व नेमाडे (२०१४) या दोघांनाही लाभला. तरीही लोकप्रिय शिफारस म्हणजे अपरिपक्व अभिरुची, असे समीक्षाव्यवहारात सहसा गृहीत धरले जाते. त्या गृहीतकाची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

शिफारस करणारा वाचक बहुधा एकच कारण देतो : 'ती जवळची वाटते.' हे कारण भाबडे वाटले, तरी ते कादंबरीच्या रचनेकडेच निर्देश करते. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व श्रीकृष्ण आत्मनिवेदन करतात. 'ययाति'त ययाति, देवयानी व शर्मिष्ठा स्वतःच बोलतात. 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर आपली कहाणी सांगतो. म्हणजे वाचकाला जाणवणाऱ्या जवळिकीचे एक मूळ प्रथमपुरुषी निवेदनात आहे आणि या बाबतीत दोन्ही याद्यांतील कादंबऱ्या एकाच पंक्तीला बसतात. तृतीयपुरुषी 'स्वामी'ला हे लागू होत नाही. तेथे ती जवळीक माधवराव व रमा यांच्या सहजीवनाच्या चित्रणातून येते.

खरा भेद यापुढे सुरू होतो. 'मृत्युंजय'मध्ये निवेदक बदलतात, पण कर्णाविषयीची सहानुभूती बहुतांशी ढळत नाही. प्रत्येक साक्ष त्याच्या बाजूने जमा होत जाते. 'ययाति'त देवयानी व शर्मिष्ठा यांच्या साक्षी परस्परांना छेद देतात. 'कोसला'त तर निवेदक स्वतःचीच खिल्ली उडवतो, त्यामुळे त्याच्यावर किती विश्वास ठेवावा हे वाचकालाच ठरवावे लागते. जवळीक तिन्हीकडे आहे; वाचकाला निर्णयाचे स्वातंत्र्य मात्र सारखे नाही. मूल्यनिर्णयाचा हा निकष शिफारशीच्या कारणातूनच निघतो, तो बाहेरून आणावा लागत नाही.

समारोप

याचा संबंध आपल्या अध्यापनाशी आहे. 'आवडती कादंबरी कोणती?' या प्रश्नावर विद्यार्थ्याने 'मृत्युंजय'चे नाव घेतले आणि अध्यापकाने त्यावर केवळ स्मित केले, तर तो विद्यार्थी पुढच्या वेळी अपेक्षित नाव सांगतो. त्याची अभिरुची त्यामुळे बदलत नाही, फक्त ती बोलेनाशी होते. आणि न बोललेल्या आवडीचे संस्करण कोणालाच करता येत नाही. त्याऐवजी 'का आवडली?' असे विचारून त्याच कारणाच्या आधारे त्याला 'कोसला'पर्यंत नेता येईल. तेथून तो पुन्हा 'मृत्युंजय'कडे परतला, तर अधिक सजग वाचक म्हणून परतेल. शिफारस ही समीक्षेची पहिली पायरी आहे. त्या पायरीवर उभ्या असलेल्या वाचकाला हात देणे हे समीक्षेचे कार्य होय.